बाहेर न पडणारे लोह

शरीरात लोह शिरायला दार आहे, बाहेर पडायला नाही. जास्त झालेले मीठ मूत्रपिंडे लघवीवाटे काढून टाकतात. लोहासाठी अशी मोरी शरीराने बांधलेलीच नाही. आतड्याच्या आणि कातडीच्या झडणाऱ्या पेशींबरोबर थोडेसे जाते, बायकांच्या पाळीतून आणखी थोडे. सगळे मिळून रोज एक ते दोन मिलिग्रॅम. जेवणातून तेवढेच आत घेतले जाते. प्रौढ माणसाच्या अंगात एकूण तीन ते चार ग्रॅम लोह असते, एका खिळ्याच्या वजनाएवढे, आणि त्यातले सुमारे दोन तृतीयांश तांबड्या पेशींच्या हिमोग्लोबिनमध्ये असते. तांबडी पेशी साधारण १२० दिवस जगते. ती मोडली की तिच्यातले लोह काढून नव्या पेशीला लावले जाते, जुन्या वाड्याचे सागवान नव्या घराला वापरावे तसे. ही आतली उलाढाल रोज २० ते २५ मिलिग्रॅमची असते. बाहेरून येणारे लोह तिच्यापुढे किरकोळ.

मोरी नसल्यामुळे सारा बंदोबस्त दारावर करावा लागतो. आतड्याच्या पेशीतून लोह रक्तात सोडणारे एक प्रथिन आहे, फेरोपोर्टिन. ते उघडे ठेवायचे की बंद करायचे, याचा हुकूम यकृतातून निघतो. हुकूम नेणाऱ्या २५ अमिनो आम्लांच्या छोट्या संप्रेरकाला हेप्सिडिन म्हणतात. त्याची ओळख पटली ती थेट २०००-०१ च्या सुमारास. साठा पुरेसा असला की हेप्सिडिन वाढते, फेरोपोर्टिन नाहीसे होते आणि जेवणातले लोह आतड्याच्या पेशीतच अडकून तिच्याबरोबर झडून जाते. साठा कमी झाला की हेप्सिडिन घटते आणि दार उघडते. लोह साठण्याच्या जन्मजात विकारांत एक तर हा हुकूमच निघत नाही, किंवा निघाला तरी दाराशी कोणी तो ऐकत नाही. मग साठा भरलेला असूनही शरीर उपाशी असल्यासारखे लोह घेत राहते.

पाठ्यपुस्तकात या विकारांचा नमुना म्हणून हिमोक्रोमॅटोसिस दिलेला असतो. फ्रान्समध्ये आर्मां त्रुसो यांनी १८६५ मध्ये मधुमेह, कडक झालेले यकृत आणि काशाच्या भांड्यासारखी काळपट पडलेली कातडी अशी तिन्ही लक्षणे एकाच रुग्णात नोंदवली. १८८९ मध्ये जर्मनीत फॉन रेकलिंगहाउझेन यांनी त्याला आजचे नाव दिले. हा काळसर रंग रक्तातून उतरतो असे त्यांना वाटले होते. तो समज मागे पडला, नाव मात्र राहिले. इंग्लंडमधल्या जोसेफ शेल्डन यांनी १९३५ मध्ये तोवरचे सगळे प्रसिद्ध रुग्ण एकत्र तपासून हा दोष जन्मजात असल्याचे मांडले. तरीही पुढे कित्येक वर्षे 'हे दारूचेच यकृत' असे म्हणणारे होतेच. उरलासुरला वाद मिटला तो १९९६ मध्ये, सहाव्या गुणसूत्रावरच्या एचएफई या जनुकाचा शोध लागल्यावर. त्यातला सी२८२वाय हा बदल आई आणि बाप दोघांकडून आला तर विकाराची शक्यता तयार होते. उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत साधारण दोनशे ते अडीचशेत एकाला असा दुहेरी वारसा असतो, आयर्लंडमध्ये ८३ जणांत एकाला. वारसा असलेला प्रत्येक जण आजारी पडतोच असे नाही. पुरुष लवकर आणि जास्त संख्येने पडतात. बायकांना पाळी थांबेपर्यंत आपोआप संरक्षण असते. पहिली तक्रार बहुधा थकव्याची किंवा तर्जनी आणि मधल्या बोटाच्या मुळाशी दुखणाऱ्या सांध्यांची. यकृत, स्वादुपिंड आणि हृदय यांच्या खुणा तीस-चाळीस वर्षे लोह साठल्यानंतर दिसतात.

वाशिम जिल्ह्यात, मंगरूळपीरच्या बाजूला, हा पुस्तकी रुग्ण भेटत नाही म्हटले तरी चालेल. सी२८२वाय हा बदल भारतीयांत अगदी विरळा आहे. एचएफईचाच दुसरा बदल, एच६३डी, इथे आढळतो, पण तो एकटा सहसा कोणाला आजारी पाडत नाही. भारतात हिमोक्रोमॅटोसिसच्या ज्या तुरळक नोंदी आहेत, त्यांत एचएफई सोडून इतर जनुकांचे दोष असलेले रुग्णही आहेत. याची आठवण डब्लिन किंवा लंडनला नोकरीला गेलेल्या मराठी कुटुंबांना उपयोगी पडते. तिथल्या डॉक्टरच्या मनात लोहाचा साठा दाखवणारे फेरिटिन वाढलेले दिसले की पहिल्यांदा तिथला घरचा आजार येतो. विदर्भातून गेलेल्या चाळिशीच्या माणसाचे फेरिटिन वाढण्याचे कारण मात्र बहुतेक वेळा यकृतावरची चरबी, दारू किंवा शरीरात कुठेतरी चाललेली सूज हे असते. उपाशीपोटी केलेल्या तपासणीत ट्रान्सफेरिनची संपृक्तता, म्हणजे लोह वाहून नेणाऱ्या प्रथिनाच्या किती जागा भरल्या आहेत ते प्रमाण, ४५ टक्क्यांच्या आत असेल तर या विकाराची शंका बहुतांशी मिटते. 'फुल बॉडी चेकअप'च्या पॅकेजमध्ये फेरिटिन शिरल्यापासून ही शंका तालुक्याच्या गावांतही घेऊन येणारे वाढले आहेत, आणि त्यांतल्या बहुतेकांना अनुवंशाच्या भीतीपेक्षा पोटाचा घेर कमी करण्याची गरज जास्त असते.

मग विदर्भात जन्मजात कारणाने लोह साठलेला माणूस कोण? तो थॅलेसेमियाचा रुग्ण. याचा मूळ दोष लोहाच्या दारात नसून हिमोग्लोबिनच्या बनावटीत आहे, पण शेवटी त्याच्या यकृतात आणि हृदयात साठते ते हेच लोह. अमेरिकेतले बालरोगतज्ज्ञ थॉमस कूली यांनी १९२५ मध्ये या आजाराचे वर्णन केले. भारतात बीटा थॅलेसेमियाचा एकेरी वारसा सरासरी तीन ते चार टक्के लोकांत असल्याचे मानले जाते आणि दरवर्षी दहा ते बारा हजार मुले दुहेरी वारसा घेऊन जन्मतात असा अंदाज दिला जातो. फाळणीनंतर विदर्भाच्या बाजारपेठांत स्थिरावलेल्या सिंधी कुटुंबांत तसेच पंजाबी, लोहाणा आणि कच्छी भानुशाली समाजांत प्रमाण जास्त आहे. यावरून हा 'त्यांचा' आजार असल्याचा समज झाला आणि त्याने नुकसानच केले, कारण शेतकरी आणि कष्टकरी जातींतही हे जनुक आहे. त्यात भर सिकलसेलची, हिमोग्लोबिनच्याच दुसऱ्या जन्मजात दोषाची. मध्य भारतात सिकलसेलचे वाहक असल्याची नोंद नागपूरहून १९५८ मध्येच झाली होती. एका बाजूने सिकल आणि दुसऱ्या बाजूने थॅलेसेमिया असा मिश्र वारसा आलेली मुलेही या भागात दिसतात.

दवाखान्यात काम करणाऱ्याला हा विषय पुस्तकाच्या क्रमाने भेटत नाही. पुस्तक जनुकापासून सुरू होते. ग्रामीण रुग्णालयात तो 'अंगात रगत नाही' या वाक्याने सुरू होतो. आणि ते वाक्य बहुतेक वेळा खरे असते, पण वेगळ्या कारणाने. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ मध्ये, महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ५४ टक्के बायका आणि सहा महिन्यांवरची आणि पाच वर्षांखालची जवळजवळ ६९ टक्के मुले रक्तक्षयी निघाली. यांतल्या मोठ्या संख्येला खरोखरच लोह कमी पडते. म्हणून शाळेत गुलाबी आणि निळी गोळी, गरोदरपणी लाल गोळी, उपकेंद्रात 'रक्ताच्या गोळ्या', अंगणवाडीत गूळ-शेंगदाणे आणि भिंतीवर लोखंडी कढईचे चित्र. सगळी यंत्रणा लोह देण्यासाठी उभी आहे आणि ते योग्यच आहे. अडचण एवढीच, की या यंत्रणेतल्या माणसाला लोह जास्त असू शकते ही कल्पना सवयीने सुचत नाही. फिकट चेहरा दिसला की हात गोळ्यांच्या डब्याकडे जातो.

चूक होते ती पहिल्यांदा 'मायनर'च्या बाबतीत. थॅलेसेमियाचा एकेरी वारसा असलेला माणूस, बोलीत 'मायनर', आजारी नसतो. त्याचे हिमोग्लोबिन दहा-अकराच्या आसपास घुटमळते आणि तांबड्या पेशी आकाराने लहान असतात. लोह कमी असले तरीही पेशी लहानच होतात. म्हणून अशी मुलगी आठवीत निळी गोळी खाते, बारावीत टॉनिक पिते, लग्नानंतर लाल गोळी, आणि एचबी जागचे हलत नाही. तेव्हा 'ही गोळ्या फेकून देते' असा शेरा तिच्या नावापुढे पडतो. शेरा मारणाऱ्याचाही सगळा दोष नाही. गोळ्या फेकणाऱ्याही असतातच.

फरक ओळखण्याच्या खुणा साध्या रक्ततपासणीच्या कागदावरच असतात. लोह कमी असेल तर पेशी लहान होतात आणि संख्येनेही कमी पडतात. मायनरमध्ये पेशी लहान, पण संख्येने भरपूर. पेशीचा सरासरी आकार सांगणाऱ्या एमसीव्ही या आकड्याला तांबड्या पेशींच्या दशलक्षांतल्या संख्येने भागले आणि उत्तर तेराच्या खाली आले, तर थॅलेसेमियाचा संशय घ्यावा, असा मेंट्झर यांचा १९७३ चा ठोकताळा आहे. एमसीव्ही ६२ आणि पेशी ५.८ दशलक्ष असतील तर उत्तर येते १०.७. त्याच एमसीव्हीला पेशी ३.९ असतील तर जवळजवळ १६, म्हणजे लोहाची कमतरता संभवते. हा भागाकार छापील रिपोर्टवर पेन्सिलीने करायला दहा सेकंद लागतात. प्रयोगशाळेतल्या तंत्रज्ञाला तो माहीत असतो, पण रिपोर्टवर तो लिहायचा रकाना नसतो, आणि रकाना नसलेली गोष्ट सरकारी कामात घडत नाही.

दुसरी चाचणी याहून देखणी. 'नेस्ट्रॉफ्ट' या अवघड नावाच्या चाचणीला परीक्षानळी, ०.३६ टक्के मिठाचे पाणी आणि रक्ताचा थेंब एवढेच लागते. एरवीच्या पेशी इतक्या फिक्या पाण्यात फुगून फुटतात आणि द्रावण नितळ लाल होते. मायनरच्या पेशी चपट्या, फुगायला जागा असलेल्या. त्या तग धरतात आणि द्रावण गढूळ राहते. नळीमागे पांढऱ्या कागदावर ओढलेली काळी रेघ धरायची. रेघ स्पष्ट दिसली तर प्रश्न नाही. अंधुक दिसली किंवा दिसलीच नाही, तर नमुना पुढे पाठवायचा. पुढची चाचणी एचपीएलसीची. तिच्यात एचबीए-टू हे हिमोग्लोबिन साडेतीन टक्क्यांहून जास्त निघाले की माणूस वाहक ठरतो. इथे एक मेख आहे. त्याच वेळी लोहही कमी असेल तर एचबीए-टू खाली ओढले जाते आणि वाहक सुटून जाऊ शकतो; म्हणून शंका असेल तर लोह भरून काढून चाचणी पुन्हा करावी लागते. म्हणजे मायनरला लोह कधीच द्यायचे नाही, असाही नियम नाही. फेरिटिन कमी असेल तर द्यायचे, भरले की थांबायचे.

दोन मायनर एकत्र आले तर प्रत्येक गरोदरपणात चारात एक शक्यता 'मेजर'ची, म्हणजे दुहेरी वारसा आलेल्या आजारी मुलाची, असते. प्रत्येक गरोदरपणात, हे शब्द समुपदेशकाला पुन्हा पुन्हा सांगावे लागतात. पहिले मूल मेजर झाले की 'आता पुढची तीन सुटली' असा हिशेब घरात मांडला जातो. फासा दर वेळी नव्याने पडतो हे सांगायला सारीपाटाचा दाखला चालतो, आलेखाचा चालत नाही.

मेजर मूल जन्मताना गुटगुटीत असते, कारण गर्भातले हिमोग्लोबिन वेगळ्या साखळ्यांचे असते आणि त्याला धक्का लागलेला नसतो. सहा महिन्यांनंतर ते ओसरते आणि प्रौढ हिमोग्लोबिन त्याची जागा घेऊ शकत नाही. मूल फिकट पडते, दूध पिताना दमते, पोट डाव्या बाजूला फुगते. घरचे या वेळात खूप काही करून झालेले असतात: मंगरूळपीरच्या दादा हयात कलंदरांच्या दर्ग्यावर मन्नत, बिरबलनाथांना नवस, बीट आणि डाळिंबाचा रस, आणि बहुधा लोहाच्या औषधाच्या दोन-तीन बाटल्या. निदान झाल्यावर आईला सर्वांत जास्त बोचते ते या बाटल्यांचे. तिला सांगायला हवे, की त्या बाटल्यांनी आजार झाला नाही आणि त्यांतून गेलेले लोह पुढे येणाऱ्या लोहाच्या मानाने नगण्य आहे.

पुढचे लोह रक्ताच्या पिशवीतून येते. मूल वाढावे, हाडे वेडीवाकडी होऊ नयेत म्हणून रक्त लावण्याआधीचे हिमोग्लोबिन साडेनऊ ते साडेदहाच्या दरम्यान राखायचे असते, आणि त्यासाठी दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते. एका पूर्ण पिशवीत २०० ते २५० मिलिग्रॅम लोह असते. निरोगी माणसाचे आतडे रोज जेमतेम एक मिलिग्रॅम घेते असे धरले, तर एका पिशवीबरोबर दोनशे दिवसांचे लोह चार तासांत शिरेतून आत जाते आणि दारावरच्या पहाऱ्याचा काही उपयोग उरत नाही. वर्षाला वीस पिशव्या म्हटल्या तरी चार ग्रॅम झाले. म्हणजे दरवर्षी एका आख्ख्या माणसाचे लोह त्याच शरीरात नव्याने भरले जाते. शिवाय पहाराही ढिला असतोच. थॅलेसेमियात अस्थिमज्जा नव्या पेशी घडवण्याच्या धडपडीत असते. ती एरिथ्रोफेरॉन नावाचा संदेश पाठवून यकृतातले हेप्सिडिन दाबते. हा दुवा २०१४ मध्ये उलगडला. त्यामुळेच ज्यांना रक्त क्वचितच लागते अशा 'इंटरमीडिया' रुग्णांतही वयाच्या तिशीपर्यंत लोह साठलेले सापडते. या मंडळींकडे दुर्लक्ष होते, कारण त्यांच्या वहीत पिशव्यांचा आकडा लहान असतो.

रक्त लावण्याचा दिवस हा अख्खा दिवस असतो. वाशिम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी अकोल्यापासून वेगळा झाला, पण मंगरूळपीर तालुक्यातल्या माणसाचे पाय मोठ्या दुखण्याला अजून अकोल्याकडे वळतात. त्याहून मोठे काम निघाले तर शेलूबाजारजवळून समृद्धी महामार्गाने नागपूर. पहाटेची एसटी, नमुना देणे, क्रॉसमॅचची वाट, पिशवी थंड असते म्हणून थोडे थांबणे, मग चार तास. थॅलेसेमिया, सिकलसेल आणि हिमोफिलियाच्या रुग्णांना सरकारी रक्तपेढीतून रक्त मोफत मिळते आणि बदल्यात रक्तदाता आणण्याची अट नसते. एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी मात्र घरची. वर्षभराच्या तारखांची वही चाळली तर शेतीचे वेळापत्रक त्यात वाचता येते: सोयाबीन काढणीच्या दिवसांत तारखा पुढे सरकतात, आणि मे महिन्यात रक्तदान शिबिरे कमी होतात म्हणून पिशव्याही. दोन्हींचा परिणाम एकच. मुलाचे हिमोग्लोबिन सातवर येते, एकदम जास्त रक्त द्यावे लागते, आणि पुढचे महिनाभर गणित चुकलेले राहते.

आलेले लोह आधी ट्रान्सफेरिन उचलते. त्याच्या जागा भरल्या की उरलेले लोह मोकळे फिरू लागते, आणि खरे नुकसान याच मोकळ्या लोहाचे. ते पेशीतल्या ऑक्सिजनशी खेळून जहाल कण तयार करते. पावसाळ्यात विळ्याला गंज चढावा तशी पेशीची आवरणे आतून खाल्ली जातात. यकृत साठवण्यात पटाईत म्हणून ते खूप सोसते. हृदय आणि मेंदूच्या तळाशी असलेली पीयूषिका ग्रंथी थोड्याशा लोहानेही कोलमडतात. उंची खुंटते, वयात येणे लांबते, पुढे थायरॉइड आणि साखर. रंग काळवंडतो, उन्हातान्हाच्या या मुलुखात ते कोणाच्या लक्षात येत नाही आणि आले तरी उन्हाच्या खाती जाते. लोह काढण्याचे उपाय नव्हते तेव्हा नियमित रक्त मिळणारी मुलेही विशीच्या आसपास हृदय थकून जात. त्यांचा जीव वाचवणारे रक्तच शेवटी त्यांच्या हृदयाला भारी पडे, आणि ही गोष्ट कुटुंबाला समजावून सांगणे हे या कामातले सर्वांत अवघड संभाषण आहे. रक्त हे औषध, लोह हा त्याचा गाळ, आणि गाळ काढण्याचे औषध वेगळे, अशी तीन पायऱ्यांची मांडणी करणारे समुपदेशक त्यातल्या त्यात निभावून नेतात. विहिरीतला गाळ दरवर्षी काढावा लागतो हे इथल्या शेतकऱ्याला वेगळे शिकवावे लागत नाही.

साठा मोजायला फेरिटिन. दहा ते वीस वेळा रक्त लागून झाले किंवा फेरिटिन हजाराच्या वर गेले की गाळ काढायला सुरुवात करायची. सतत अडीच हजारांच्या वर राहिले तर हृदयाची धास्ती. पण ताप-खोकल्यातही फेरिटिन उसळते, म्हणून एका आकड्यावर भरवसा नसतो, तीन-तीन महिन्यांच्या आकड्यांचा कल पाहायचा. फेरिटिन ठीक दिसत असतानाही हृदयात लोह असू शकते. त्यासाठी टी-टू-स्टार नावाचा खास एमआरआय लागतो: लोह जितके जास्त तितका हा आकडा लहान, वीस मिलिसेकंदांच्या खाली हृदयात लोह आहे असे समजायचे, दहाच्या खाली धोका जवळ आलेला. ही सोय मोठ्या शहरांतच मिळते.

काढण्याची सोपी रीत हिमोक्रोमॅटोसिसवाल्यांच्या नशिबी असते. आठवड्याला एक पिशवी रक्त काढायचे. तेवढ्याबरोबर दोनशे-अडीचशे मिलिग्रॅम लोह जाते, शरीर नवे रक्त करायला साठ्यातले लोह वापरते, आणि फेरिटिन पन्नासच्या आसपास आले की वर्षातून काही वेळा काढून भागते. रक्त काढणे हा मध्ययुगातला बदनाम उपाय. तो आजही रास्त असलेला आजार म्हणून वैद्यकाचे विद्यार्थी हिमोक्रोमॅटोसिस लक्षात ठेवतात. थॅलेसेमियात हे अशक्य. तिथे लोहाला चिकटून त्याला लघवी किंवा शौचावाटे बाहेर नेणारी औषधे लागतात.

पहिले परिणामकारक औषध डेसफेरॉक्झामिन, मातीतल्या एका जिवाणूपासून १९६० च्या दशकात आलेले. पोटाच्या किंवा मांडीच्या कातडीखाली सुई, तिला जोडलेला छोटा पंप, आठ ते बारा तास, आठवड्यातून पाच ते सात रात्री. सकाळी लघवी तांबूस झाली की औषध काम करते आहे असे समजायचे. ज्या घरांना औषधाचा खर्च झेपला त्यांची मुले जगली. ज्यांना नाही त्यांची नाही, इतका सरळ हिशेब पुष्कळ वर्षे होता. तोंडाने घ्यायच्या पहिल्या औषधाला, डेफेरिप्रोनला, जगात सर्वांत आधी परवानगी भारतात मिळाली, १९९५ च्या सुमारास. मुंबईच्या सिप्लाने ते 'केल्फर' नावाने बाजारात आणले. युरोपात त्याला १९९९ आणि अमेरिकेत २०११ उजाडले. थॅलेसेमियाच्या बाबतीत भारत जगाच्या पुढे होता असे क्षण थोडे. हा त्यांतला एक. हे औषध हृदयातले लोह चांगले काढते, पण क्वचित पांढऱ्या पेशी अचानक कोसळवते. त्यामुळे ते घेणाऱ्या मुलाला ताप आला किंवा घसा दुखला तर गोळी थांबवून त्याच दिवशी पेशी मोजायच्या. तालुक्याच्या ओपीडीत घसादुखी ही सर्वांत किरकोळ तक्रार. औषधाचे नाव विचारले नाही तर ती किरकोळच राहते.

तिसरे औषध डेफेरासिरॉक्स, २००५ पासूनचे. दिवसातून एकदा, पाण्यात विरघळवून, उपाशीपोटी. पेल्याच्या तळाशी राहिलेला थर पुन्हा थोडे पाणी घालून प्यायचा असतो. तो फेकला तर औषध फेकले. क्रिएटिनिन आणि यकृताच्या तपासण्या सांभाळाव्या लागतात. सुई गेली, पंप गेला, तरी फेरिटिन चढतेच अशी मुले वहीत दिसतात. ती बहुधा चौदा ते अठरा वयाची असतात. लहानपणी आई औषध पाजते. मिसरूड फुटले की पोरगा 'घेतलं' म्हणतो आणि आई विश्वास ठेवते. रक्त चुकले तर चार दिवसांत दम लागतो, औषध चुकले तर चार वर्षे काही जाणवत नाही, त्यामुळे त्याच्या बाजूने पाहिले तर त्याचे फारसे चुकतही नाही. 'औषध घेतोस का' हा प्रश्न म्हणूनच निरुपयोगी आहे. जुन्या परिचारिका रिकाम्या स्ट्रिपा पुढच्या खेपेला परत मागवतात.

आहाराबद्दल गरजेपेक्षा जास्त बोलले जाते. पिशवीतल्या अडीचशे मिलिग्रॅमपुढे पालकाच्या जुडीतल्या लोहाचे भय बाळगण्यात अर्थ नाही. जेवणाबरोबर चहा घेतला तर लोह कमी शोषले जाते, तेव्हा एरवी ज्या सवयीवर रागवायचे ती इथे चालवून घेता येते. लोखंडी कढई आणि लोहाचे टॉनिक मात्र या घरात नको, आणि 'क' जीवनसत्त्वाच्या मोठ्या गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत, कारण त्या साठलेले लोह मोकळे करतात. जंतूंनाही लोह आवडते. डेसफेरॉक्झामिन चालू असताना ताप आणि पोटदुखी आली तर औषध थांबवून यर्सिनिया या जंतूचा संशय घ्यावा लागतो.

या सगळ्याच्या आधीची पायरी म्हणजे लग्नाआधी किंवा गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत तपासणी. बायको वाहक निघाली तर नवऱ्याची तपासणी. दोघेही निघाले तर दहाव्या ते बाराव्या आठवड्यात वारेचा नमुना घेऊन गर्भाचे जनुक पाहता येते. मुंबईत केईएम रुग्णालयाच्या आवारातल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत हे काम बरीच वर्षे चालू आहे. अडते ते नवऱ्यापाशी. बायको पहिल्या तपासणीला येते तीच मुळी चौथ्या महिन्यात, आणि 'मले काय झालं, मी कायले रक्त देऊ?' या प्रश्नात आणखी महिना जातो. लग्नाआधीच्या तपासणीची अडचण उलटी: मुलगी मायनर निघाली की स्थळ मोडते, मुलगा मायनर निघाला की रिपोर्ट कपाटात जातो. मायनरने मायनरशी किंवा सिकलच्या वाहकाशी लग्न करताना विचार करावा एवढाच या तपासणीचा अर्थ. ज्याच्याकडे असा कोणताच वारसा नाही त्याच्याशी लग्न केले तर मूल मेजर होत नाही. १ जुलै २०२३ रोजी सुरू झालेल्या सिकलसेल निर्मूलनाच्या राष्ट्रीय मोहिमेमुळे रक्ताची अशी तपासणी गावागावांत पोहोचली आहे. पण सिकलसाठीची विद्राव्यता चाचणी थॅलेसेमिया दाखवत नाही, आणि 'आमची तपासणी झाली' असे सांगणाऱ्याची कोणती तपासणी झाली हे कार्ड पाहूनच ठरवावे लागते.

मुळापासून बरे होण्याचा प्रस्थापित मार्ग अस्थिमज्जा प्रत्यारोपणाचा. सख्खे भावंड जुळण्याची शक्यता चारात एक. यकृत लोहाने खराब होण्याआधी प्रत्यारोपण झाले तर यश जास्त, म्हणजे इथेही लोहाचा हिशेब आड येतो. कोल इंडियाच्या मदतीने २०१७ पासून चालणाऱ्या थॅलेसेमिया बाल सेवा योजनेतून त्यासाठी दहा लाखांपर्यंत साह्य मिळते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात थॅलेसेमिया, सिकलसेल आणि हिमोफिलियाचा समावेश झाल्यापासून प्रमाणपत्राचीही सोय झाली. धडधाकट दिसणाऱ्या मुलाला 'दिव्यांग' म्हणवून घेणे काही आयांना जड जाते, आणि त्या कागद करायचे टाळतात.

गोळ्या सुधारल्या तसे या आजाराचे वय वाढले. बालरोग विभागात वाढलेली मुले आता पंचविशी-तिशीची आहेत. त्यांना लहान मुलांच्या खाटेवर पाय दुमडून रक्त घ्यावे लागते. त्यांतल्या काही मुली लग्न करतात आणि गरोदर राहतात. मूल हवे असे ठरवल्यावर डेफेरासिरॉक्स आणि डेफेरिप्रोन आधीच थांबवतात, हृदय आणि साखर तपासतात, रक्ताच्या तारखा जवळ आणतात. उपकेंद्रात नोंदणी झाली की तिलाही इतरांसारखे माता-बाल संरक्षण कार्ड मिळते. त्यात लोहाच्या १८० लाल गोळ्यांचा रकाना असतो. परिचारिकेने तिची जुनी वही पाहिली असेल तर त्या रकान्यात आकडा न पडता आडवी रेघ पडते, आणि शेजारी पेनाने लिहिलेले असते: फक्त फॉलिक अॅसिड.